ऑफसाइटचे नियोजन आणि मुळशीचे पाणी

एका परिचित तरुणाने गेल्या एप्रिलमध्ये आमच्या हाती चार पानांचे एक पत्रक ठेवले. हिंजवडीच्या एका कंपनीत तो नोकरीला आहे. कंपनीचे दोन दिवसांचे निवासी शिबिर, ज्याला ही मंडळी 'ऑफसाइट' म्हणतात, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे एका रिसॉर्टवर भरावयाचे होते आणि त्याच्या नियोजनाची जबाबदारी ह्या तरुणावर आली होती. "काका, यात काही राहिले असेल तर सांगा," असे तो म्हणाला.

पत्रक पाहून कोणीही कौतुकच करावे. एकशेवीस माणसे, तीन बसगाड्या, मे महिन्यातील दुसरा शनिवार व रविवार. सकाळी साडेसहाला प्रस्थान, वाटेत पौडला नाश्ता. साडेदहा वाजता वरिष्ठांचे भाषण, त्यानंतर गटागटांचे खेळ, दोरीवरून ओढा ओलांडणे, दुपारी पोहण्याचा तलाव, पाच वाजता 'रेन डान्स', रात्री शेकोटी आणि संगीत. रविवारी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत रंगविणे. कोणाला शाकाहारी जेवण हवे, कोणाला कोणत्या मापाचा सदरा हवा, याचेही तक्ते होते. पावसाची सर आलीच तर काय करावयाचे, हेसुद्धा लिहून ठेवलेले होते.

ज्यांना 'रेन डान्स' म्हणजे काय हे ठाऊक नसेल अशा वाचकांसाठी सांगतो. उघड्या ओट्यावर नळांचे जाळे उभारतात, त्यातून पाण्याचे फवारे सोडतात आणि त्या खोट्या पावसात मंडळी नाचतात. मे महिन्यात. मुळशीत.

ताम्हिणीच्या परिसरात वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही त्या डोंगरातील अनेक वाड्या-वस्त्यांवर होळी झाली की पाण्याची ओढ सुरू होते. कातळ आणि तीव्र उतार यांमुळे पाणी थांबत नाही, हे कारण भूगोलाचे पुस्तक देते आणि ते खरेही आहे. पण मुळशीला याखेरीज एक इतिहास आहे, आणि तो भूगोलाच्या पुस्तकात येत नाही. नीला व मुळा यांच्या संगमापाशी टाटांच्या वीज कंपनीने बांधलेल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पां. म. बापट यांना लोकांनी 'सेनापती' केले ते या लढ्यात. लढा १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. जमिनी बुडाल्या, मोबदल्याचा मोठा वाटा ज्यांच्याकडे त्या गहाण होत्या त्या पुण्याच्या सावकारांच्या पदरी पडला. कसणारी कुळे डोंगराच्या अंगाला सरकली. निसर्गतः पूर्वेकडे वाहणारे ते पाणी बोगद्यातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहावर सोडण्यात आले. त्या विजेवर मुंबईचे कारखाने चालले, आणि पाणी कुंडलिकेतून कोकणात गेले. आजही ते तिकडेच जाते. विस्थापितांची पुढची पिढी, आणि तिच्याही पुढची, त्याच जलाशयाच्या काठावर राहते आणि आता तेथे उभ्या राहिलेल्या रिसॉर्टांमध्ये भांडी घासते, चादरी धुते, फाटकावर उभी राहते.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मुद्दाम त्या रस्त्यावरील एका वस्तीवर जाऊन आलो. एक म्हातारी हंडा उतरवीत म्हणाली, "तळं डोळ्याफुडं हाय, बाबा, पण आमच्या हंड्याला टँकरच." ह्यापेक्षा अधिक बोलण्याची तिला गरज वाटली नाही.

आता थोडा हिशेब करू. ग्रामीण कुटुंबाला नळाने पाणी देण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेत माणशी दररोज ५५ लिटर हे माप धरले आहे. इमारतींच्या राष्ट्रीय संहितेत हॉटेलातील एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरतात. म्हणजे एकशेवीस पाहुण्यांना एका दिवसाला २१,६०० लिटर पाणी लागणार. तेवढ्यात सरकारी मापाने जवळजवळ चारशे माणसांची वस्ती एक दिवस काढील. यात पोहण्याचा तलाव नाही, खोटा पाऊस नाही. हे पाणी कोठून येते, हा प्रश्न पत्रकात नव्हता. रिसॉर्टच्या मालकाला विचारला असता त्याने 'आमची स्वतःची बोअर आहे' असे उत्तर दिले असते, आणि ते विचारणाऱ्याला पुरेसे वाटले असते. जमिनीच्या पोटातील पाणी सातबाऱ्याच्या रेघेपाशी थांबते, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची ठाम समजूत आहे.

येथवर वाचून आमचे काही मित्र म्हणतील की मग जाऊच नये. हे भांडवलदारी चोचले बंदच पडले पाहिजेत. आम्हाला हे मान्य नाही. आठवडाभर काचेच्या खोलीत पडद्यापुढे डोळे फोडणाऱ्या माणसाला डोंगराची हवा लागली तर त्यात वावगे काही नाही. डोंगर सरदार-जहागीरदारांचा नाही, तसा तो पर्यावरणवाद्यांचाही नाही. फ्रान्समध्ये १९३६ साली लेऑं ब्लूम यांच्या जनआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, तेव्हा असंख्य कामगार-कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. समाजवादी चळवळीने विश्रांतीचा हक्क असा भांडून मिळविलेला आहे. तिने आता त्याला नाक मुरडू नये. मात्र तेथे सुटी कामगाराची होती. कोठे जावे, कोणाबरोबर जावे, की घरीच लोळत पडावे, हे मालक ठरवीत नव्हता.

आणि येथे? शनिवार-रविवार हे सुटीचे दिवस. ते कोणाचे? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला देऊ केला आहे. पर्यवेक्षक व व्यवस्थापक त्या कक्षेबाहेर राहतात. म्हणूनच की काय, अलीकडे प्रत्येकाच्या नावापुढे 'मॅनेजर' लागलेले दिसते. शिबिराला येणे ऐच्छिक आहे, असे पत्रकात छापलेले होते. पण न येणाऱ्याने आपल्या वरिष्ठाला कारण लेखी कळवावे, असेही त्याच्या खालीच होते! लहान मूल घरी ठेवून रात्र बाहेर काढणे जिला शक्य नाही तिने काय लिहावे? आणि वार्षिक पगारवाढीच्या वेळी 'संघभावना' या रकान्यात तिला किती गुण पडावेत?

या प्रकरणातील एक विसंगती तर नमुनेदार आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा 'कामाचे ठिकाण' या शब्दांत नोकरीच्या निमित्ताने जेथे जावे लागते ती प्रत्येक जागा धरतो. मालकाने पुरविलेले वाहनसुद्धा धरतो. योग्यच आहे. म्हणजे शनिवारी सकाळी साडेसहाला जी बस हिंजवडीहून निघते ती कायद्याच्या दृष्टीने कामाचे ठिकाण आहे. मग तीत बसलेली माणसे कामावर आहेत की नाहीत? कंपनीचे उत्तर असे की छळाची तक्रार आली तर ती कामावर आहेत, आणि तासांचा हिशेब मागितला तर ती सहलीला आली आहेत. एकाच बसमध्ये एकच माणूस एकाच वेळी दोन्ही कसा असू शकतो, हे त्या साडेदहाच्या भाषणात कोणीतरी विचारावयास हवे होते.

त्या भाषणाचा विषयही पत्रकात होता: 'आपण एक कुटुंब'. या कुटुंबात कोण कोण आहे ते आम्ही यादीत शोधले. कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या बायका नव्हत्या. फाटकावरचे पहारेकरी नव्हते, उपाहारगृहातली पोरे नव्हती. कारण ती कंत्राटदाराची माणसे. कुटुंब म्हणवून घेणाऱ्यांनी घरातली अर्धी माणसे कंत्राटाने ठेवावीत आणि मग स्नेहसंमेलनाला निघावे, याला काय म्हणावे!

बसचालकांच्या झोपण्याचीही तरतूद नव्हती. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. शिबिराला नेणारा चालक रात्री बहुधा गाडीतच आडवा होतो. मे महिन्यात काचा उघड्या ठेवाव्या तर डास, लावाव्या तर उकाडा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस एकशेवीसांपैकी चाळीस जिवांना वळणावळणाच्या रस्त्याने परत आणतो. ताम्हिणी घाटात डिसेंबर २०२४ मध्ये वऱ्हाडाची बस उलटून पाच माणसे दगावली. त्या अपघाताचे कारण काय ते तपास करणाऱ्यांनी सांगावे. पण हा घाट पेंगुळलेल्या चालकाला क्षमा करणारा नाही, हे सांगावयास तपासाची आवश्यकता नाही.

राहता राहिली शाळेची भिंत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले आहे, आणि केवळ कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च किंवा एखाद्या दिवसाचा सोहळा त्यात धरता येत नाही, असे सरकारने स्पष्ट केलेले आहे. म्हणजे ही भिंत त्या हिशेबातही बसत नाही. ती छायाचित्रासाठी आहे. शाळेला रंग हवा की शौचालयाला पाणी हवे, हे मुख्याध्यापकांना विचारण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती. मेमध्ये शाळेला सुटी असते हेसुद्धा कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मुलांच्या हसऱ्या चेहऱ्यांसह छायाचित्र काढण्यास मात्र अर्धा तास राखून ठेवलेला होता.

गावाला यातून काय मिळते? माणशी जे हजारो रुपये कंपनी मोजते ते पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर जातात. भाजी मार्केट यार्डातून येते. तांदूळसुद्धा गोणीबंद बासमती. आंबेमोहोर पिकविणाऱ्या मुळशीत! ग्रामपंचायतीला घरपट्टी मिळते, तीही वसूल झाली तर. उरतो तो रोजगार, आणि तो बिननोंदीचा, हंगामी, ठेकेदारामार्फत. कातकरी बाई दिवसभर चादरी पिळते आणि संध्याकाळी तिच्या हाती जे पडते त्याची पावती कोठेही नसते. नंतर रविवारी दुपारी तीन बसगाड्या निघून जातात आणि मागे बाटल्या, पत्रावळ्या व थर्मोकोल उरते. रिसॉर्टच्या कुंपणामागील ओढा पहिल्या पावसात ते सगळे खाली घेऊन येतो.

साहेबांनी उन्हाळ्यात डोंगर गाठावा आणि खालच्यांनी त्याची सोय पाहावी, ही रीत जुनी आहे. सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसविले. सातारच्या छत्रपतींकडून जागा घेतली गेली, मुंबईचे सरकार उन्हाळ्यात तेथे हवा खाऊ लागले आणि साहेबांच्या टेबलावरील भाजीपाला तेथल्या तुरुंगातील चिनी कैद्यांकडून पिकवून घेण्यात आला. स्वराज्यात ही रीत बदलावी अशी अपेक्षा होती. १९९६ साली राज्याने खाजगी गिरिस्थानांसाठी नियम केले आणि २००१ मध्ये मुळशी व तेव्हाच्या वेल्हे तालुक्यांतील अठरा गावे एका खाजगी गिरिस्थानासाठी अधिसूचित झाली. त्या लवासाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे: २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची काम थांबविण्याची नोटीस, आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीची कारवाई. डोंगर मात्र फोडला तो फोडलाच.

तेव्हा त्या तरुणाला आम्ही जे सांगितले ते असे. शिबिर जरूर भरवा, पण गुरुवार-शुक्रवारी भरवा, म्हणजे ते काम आहे हे तुमच्या कंपनीला कबूल करावे लागेल. मे टाळा, दिवाळीनंतर डोंगर हिरवा असतो आणि ओढ्याला पाणीही असते. जागा ठरविण्यापूर्वी पंचायतीच्या ग्रामसेवकाला एक दूरध्वनी करा, आणि गावाच्या टाकीत किती पाणी आहे ते विचारा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसे जमवावयाची तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेस कळविणे बंधनकारक केले. तुमच्या रिसॉर्टकडे परवाना असला तरी कळवावयास तुम्हाला कोणी मनाई केलेली नाही. जेवण गावातल्या बायकांच्या बचत गटाकडे द्या आणि पैसे त्यांच्या खात्यावर थेट भरा. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. ती मेहेरबानी नव्हे, २००० सालापासूनचा नियम आहे. कचरा बसमधून परत आणा. तीन बसगाड्यांच्या पोटात जागा पुष्कळ असते. झाडणाऱ्या बायकांना बरोबर न्या. आणि तो खोटा पाऊस काढून टाका.

तरुणाने हे सर्व टिपून घेतले. तो भला मुलगा आहे. त्याचे वडील मुळशीचेच, आणि हिंजवडीच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांची जमीन गेलेली. कंपनीचे कार्यालय आणि हे रिसॉर्ट एकाच तालुक्यात आहेत, ही गोष्ट त्याच्या साहेबांना त्यानेच प्रथम सांगितली म्हणे.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा येऊन गेला. तारीख बदलता आली नाही, कारण रिसॉर्टला आगाऊ रक्कम पोचली होती. रेन डान्स राहिला, कारण तो ठरलेल्या रकमेतच होता. कंत्राटी माणसांचा प्रश्न कंत्राटदाराकडे पाठविण्यात आला. चालकांना मात्र एक खोली मिळाली. तिघांत एक, पण पंखा असलेली. शाळेच्या भिंतीऐवजी पाण्याची टाकी द्यावी का, असे विचारणारे पत्र त्याने मुख्याध्यापकांना स्वतःच्या नावाने पाठविले आहे. शाळा जूनमध्ये उघडेपर्यंत त्याला उत्तर येणार नाही.