संगणकाची करामत : सॉर्टरकाकांच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, आंतरदेशीय पत्र पाहिलंय का तुम्ही? नसेल तर आजी-आजोबांना विचारा. त्या निळ्या पत्रावर एका बाजूला ‘प्रेषक’ असं छापलेलं असतं. तिथे पत्र पाठवणाऱ्याने आपलं नाव-पत्ता लिहायचा. आता मला सांगा, एखाद्याने तिथे मुद्दाम खोटा पत्ता लिहिला, तर पत्र अडेल का? छे! टपालवाले पाहतात ते पत्र कुणाला जायचंय ते.

इंटरनेटवरही अस्संच आहे बरं का! तुम्ही मामाला फोटो पाठवलात, की त्याची लहान लहान पाकिटं होतात. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते : कुणाकडून आणि कुणाला. हे पत्ते म्हणजे नुसते आकडे. 32 बिटांच्या पद्धतीत असे सुमारे 429 कोटी पत्ते होतात. आणि इथेही प्रेषकाचा पत्ता खोटा घालता येतो. आजची सगळी गोष्ट या खोट्या प्रेषकाचीच आहे.

पाकीट कुठल्या वाटेने धाडायचं, हे ठरवते संगणकातली ऑपरेटिंग सिस्टिम. तिला आपण सॉर्टरकाका म्हणू. लिनक्स ही अशीच एक सिस्टिम. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती 1991 साली सुरू केली. आज अँड्रॉइड फोनच्या पोटातही तीच असते.

काकांकडे वाटांचा मोठा नकाशा असतो. पण दर पाकिटाला नकाशा उलगडायचा म्हणजे वेळ जाणार. म्हणून लिनक्सने एक युक्ती केली होती. एकदा वाट सापडली, की तिची चिठ्ठी करून ठेवायची. पुन्हा त्याच दोन पत्त्यांचं पाकीट आलं, की नुसती चिठ्ठी बघायची. या चिठ्ठ्यांच्या साठ्याला म्हणतात रूटिंग कॅशे.

चिठ्ठ्या झाल्या ढीगभर. चटकन सापडाव्यात म्हणून त्या खणांत ठेवायच्या. कुठला खण, ते एका हिशेबाने ठरवायचं. खरा हिशेब किचकट असतो, आपण सोपा घेऊ. पत्ता तीन अंकी आहे असं समजा. त्यातल्या अंकांची बेरीज, तो खणाचा नंबर. 123 ची चिठ्ठी 6 नंबरच्या खणात. झकास!

पण हा नियम एखाद्या खोडसाळ माणसाला ठाऊक असला तर? तो खोट्या प्रेषकांची पाकिटं पाठवील : 114, 222, 330, 501, 600... सगळ्या चिठ्ठ्या 6 नंबरच्याच खणात! असे तीन अंकी आकडे एकूण 21 आहेत. कागद-पेन्सिल घ्या आणि शोधा बघू. खऱ्या पत्त्यांत ते हजारोंनी मिळतात. मग काका एकाच खणात चिठ्ठ्या उपसत बसतात आणि बिचाऱ्या खऱ्या लोकांची पाकिटं ताटकळत राहतात. चोरी नाही, कुलूप फोडणं नाही, तरी काम ठप्प! यालाच म्हणतात डिनायल ऑफ सर्व्हिस.

लिनक्समधली ही उणीव 2003 साली उघड झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या स्कॉट क्रॉसबी आणि डॅन वॉलक यांनी असाच प्रयोग एका वेगळ्या प्रोग्रॅमवर करून दाखवला. ‘ब्रो’ नावाचा तो प्रोग्रॅम नेटवर्कवर पहारा करायचा. नेमकी निवडलेली पाकिटं, तीही जुन्या टेलिफोन मोडेमपेक्षा कमी वेगाने, त्यांनी सहा मिनिटं पाठवली. तेवढ्यात पहारेकऱ्याची 71 टक्क्यांपर्यंत पाकिटं हातची निसटू लागली!

मग उपाय काय केला? हिशेबात एक गुप्त आकडा मिसळला. संगणकाने तो स्वतःच, अंदाज बांधता येणार नाही असा निवडायचा. नियम सगळ्यांना माहीत असला तरी चालेल, पण आकडा कळल्याशिवाय खण कसा ओळखणार?

तरी दुखणं पुरतं गेलं नाही. कारण कसेही खोटे पत्ते घातले, तरी प्रत्येकाची नवी चिठ्ठी होतच होती. खण भरले, की जुन्या चिठ्ठ्या फेकायच्या. त्यात उपयोगाच्याही जायच्या, आणि साफसफाईचं काम वाढायचं ते वेगळंच. वेळ वाचवणारी युक्तीच वेळ खाऊ लागायची.

अखेर 2012 साली, लिनक्सच्या 3.6 आवृत्तीत, डेव्हिड मिलर यांनी हा चिठ्ठ्यांचा साठाच काढून टाकला. मग दर पाकिटाला नकाशा बघायचा? हो! पण नकाशा आता शब्दकोशासारखा लावलेला होता. ‘कमळ’ शोधताना आपण आधी ‘क’ काढतो, मग ‘कम’, तसा पत्ता टप्प्याटप्प्याने शोधायचा. पाकीट खऱ्याचं असो की खोट्याचं, मेहनत साधारण सारखीच.

दोस्तांनो, यातली मेख कळली ना? चिठ्ठ्या काकांच्या, खणही काकांचे. पण किती चिठ्ठ्या व्हायच्या हे ठरवत होती बाहेरची अनोळखी माणसं! उद्या तुम्हीही प्रोग्रॅम लिहाल. तेव्हा तो रोजच्या दिवशी किती वेगाने चालतो, एवढंच पाहू नका. कुणी मुद्दाम छळायला आलं तर तो किती मंदावेल, हेही तपासा. आणि ही खोडी दुसऱ्याच्या संगणकावर करून पाहू नका हं! आपल्याकडे 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तो गुन्हा आहे.

चला, आता त्या 21 आकड्यांच्या मागे लागा!