परसबाग : दारापुढची मोरपंखी

शाळेच्या पुस्तकात ‘विद्या’ म्हणून जपून ठेवलेली चपटी हिरवी डहाळी कोणाला आठवत नाही? ती मोरपंखीची. बारमाही हिरवे, बुडापासून शेंड्यापर्यंत भरलेले आणि सरळ वर जाणारे हे झाड थोड्या जागेत मावते. म्हणून दारापुढे जोडीने लावण्याची हौस पुष्कळांना असते. झाड मूळचे चीनकडचे, देवदार-चीड यांच्या सूचिपर्णी वर्गातले. आपला सुरू तसाच दिसतो खरा, पण तो या वर्गातला नव्हे.

मोरपंखीचा पहिला शत्रू म्हणजे मुळाशी साचणारे पाणी. काळ्या जमिनीत नुसता खड्डा खणून रोप लावले, की पावसाळ्यात त्याचे डबके होते आणि मुळे कुजतात. अशा जमिनीत वीतभर उंच ओटा करून त्यावर लावावे. मातीत कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. रोप पिशवीत होते तितकेच खोल बसवावे. बुंध्यावर माती चढवू नये. जागा भरपूर उन्हाची आणि भिंतीपासून चार-पाच फूट दूर असावी. सावलीत झाड विरळ होते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा, माती चाचपून पाणी द्यावे.

दुसरा शत्रू आपल्याच हातातली कात्री. जास्वंद किंवा शेवगा कितीही छाटला तरी पुन्हा फुटतो. मोरपंखीचे तसे नाही. बाहेरचे हिरवे शेंडे कापले तर ती दाट होते. पण आतल्या जुन्या, उघड्या लाकडापर्यंत छाटली तर तिथे सहसा फूट येत नाही आणि झाड त्या बाजूने कायमचे बोडके राहते. म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी बोट-दोन बोटेच शेंडे घ्यावेत. आतली जुनी पाने तांबूस होऊन गळतात, तो रोग नव्हे. हाताने झाडून टाकावीत.

बाहेरची पाने मात्र उन्हाळ्यात फिकी, धुळकट दिसू लागली, तर डहाळी पांढऱ्या कागदावर झटकावी. बारीक ठिपके चालताना दिसले, तर ती लाल कोळी. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांवर मारल्यास ती बरीच आटोक्यात राहते.

छाटलेला पाला गुरांपुढे टाकू नये. तो चारा नव्हे, अपाय होऊ शकतो.

मोरपंखी सावकाश वाढते. घाई नको, खत-पाण्यापेक्षा तिला आपला धीरच अधिक मानवतो.