हवेविना राबणारे जंतू आणि टँकरची घाई



गट ऑफिसात हल्ली एकच मागणी, "साहेब, डिस्टिलरीचं पाणी टँकरनं तसंच सोडा की उसाला!" माझं उत्तर, नाही.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. सामू ४ च्या आसपास, म्हणजे चांगलाच आंबट. त्यात पालाश भरपूर, हे खरं. पण कुजणारा मालही इतका, की तो खाताना जमिनीतले जंतू मुळांच्या वाट्याची हवा संपवतात. ओढ्यात गेला तर मासे मरतात.

हेच कुजणं डायजेस्टरच्या बंद टाकीत हवेविना होतं. जंतूंची एक फळी माल फोडून व्हिनेगरातलं आम्ल करते, दुसरी त्याचा मिथेन. ॲसिटोनसारखा चिवट कीटोनही सुटत नाही. प्राणवायू नाही, म्हणून जंतू त्याला आधी कार्बन डायऑक्साइड जोडतात, मग तोडून त्याच आम्लाचे दोन रेणू करतात. मोठी हुशारी आहे ही! पण मिथेनवाली फळी सावकाश वाढते. आंबट माल एकदम लोटला की ती बसते. गोबरगॅसवाल्यांना हा अनुभव असेलच.

टाकीतून निघालेल्या पाण्यातही क्षार राहतातच. म्हणून ते प्रेसमडवर मारून कुजवायचं, आणि खत झाल्यावरच रानात न्यायचं. यात दिवस जातात, कबूल. चोपण झालेलं रान सुधारायला मात्र वर्षं जातात. कच्च्या टँकरच्या अर्जावर मी सही करणार नाही. कंपोस्टचे अर्ज गट ऑफिसात द्यावेत.