आगगाडी आणि अग्निरथ

मराठी परिभाषेचा विषय निघाला की कोणीतरी 'अग्निरथगमनागमनसूचकताम्रलोहपट्टिका' हा शब्द काढतोच. रेल्वेच्या सिग्नलसाठीच्या या शब्दाचे पाठभेद पुष्कळ आहेत, आणि बहुधा तो सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो थट्टेपुरता रचलेला आहे. थट्टेला हरकत नाही. परंतु या एका विनोदाच्या बळावर मराठीची सबंध समासशक्तीच हास्यास्पद ठरवण्याची जी सवय आपल्या साहित्यवर्तुळात मुरली आहे, तिचा प्रतिवाद करणे आवश्यक वाटते.

गंमत अशी की हीच मंडळी जर्मनमधील लांबलचक समासांचे कौतुक करताना थकत नाहीत. मार्क ट्वेनने 1880 साली केलेली जर्मन भाषेची टवाळी ती आवडीने वाचतात. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याने 1999 मध्ये केलेल्या एका कायद्याच्या नावात 63 अक्षरांचा एकच शब्द होता. गोमांसाच्या लेबलांवरील देखरेखीची कामे सोपवण्याविषयीचा कायदा, एवढा त्याचा अर्थ. 2013 मध्ये तो कायदा रद्द झाला, तेव्हा त्या शब्दाच्या निरोपाची बातमी जगभर छापून आली. लांबी तिथे गुण आणि इथे दोष, हा न्याय कोणता?

खरा भेद लांबीत नाही, घटकांत आहे. जर्मन भाषा अंगुस्तानाला 'बोटटोपी' म्हणते आणि कासवाला 'ढालभेक'. घटक घरातले असल्याने लहान मुलालाही शब्द उलगडतो. आपल्याकडे हे घडलेच नाही काय? 'हातमोजा' असाच घडला. ज्या रेल्वेवरून एवढी थट्टा चालते, तिच्यासाठी लोकांनी 'आगगाडी' केली, 'रेल्वेफाटक' केले, 'तिकीटखिडकी' केली. 'आगगाडी' आणि 'अग्निरथ' यांची कल्पना एकच. पण पहिला शब्द तोंडी रुळला आणि दुसरा विनोदापुरता उरला. कोकणच्या किनाऱ्याने वाफेच्या जहाजाला 'आगबोट' म्हटले, तेव्हा मराठी 'आग' आणि इंग्रजी 'बोट' यांच्या जोडणीत कोणाला विटाळ वाटला नाही. 1829 साली व्हिएन्नात स्थापन झालेल्या डॅन्यूबवरील जहाज कंपनीच्या सुप्रसिद्ध लांब नावात हाच 'वाफजहाज' दडलेला आहे.

मग संस्कृत घटक वर्ज्य मानावेत काय? तसेही नाही. तेरेखोल नदीकाठच्या आरोंद्याचा परिसर घ्या. या मुलखात सोलकढी आणि फणसपोळी हे घरचे समास. 'किरणपाणी' हे तिथले स्थळनाम. त्याच मुलखात जत्रेच्या रात्री दशावतार रंगतो. लिखित संहितेवाचून उभा राहणारा राजपार्टी नट 'राक्षसकुलभूषण' अशा थाटाच्या संबोधनांची लड लावतो आणि मालवणी बोलणारा प्रेक्षक ती विग्रह न करता समजून घेतो. कारण ते घटक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या कानांवरून गेलेले असतात. तेव्हा घटकाचे कूळ कोणते हा प्रश्न गौण आहे. त्याची ओळख ऐकणाऱ्याला आहे की नाही, हा खरा प्रश्न. सावरकरांचा 'दिनांक' कानांवर पडत राहिला आणि रुजला. आज त्याला कोणीही हसत नाही.

यात आपल्या अध्यापनाचा दोष मोठा आहे. समास हे प्रकरण वर्गात शवविच्छेदनासारखे शिकवले जाते: शब्द घ्या, विग्रह करा, प्रकार लिहा, गुण मिळवा. नवा समास करून दाखवा, असे कोणी विचारत नाही. 'घरकोंबडा', 'दीडशहाणा', 'खुशालचेंडू', 'तोंडपाटीलकी' हे शब्द ज्या भाषेने हसतखेळत घडवले, तिचे पदवीधर नव्या वस्तूपुढे मुके होतात. एक तर इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलतात, नाहीतर कोशातून न ऐकलेला संस्कृत शब्द काढतात. मधली वाट त्यांना कोणी दाखवलेलीच नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. तो गौरव पूर्वजांच्या कर्तृत्वाचा. आपल्या पिढीचे कर्तृत्व ठरवायचे असेल, तर पुढच्या प्रश्नपत्रिकेत विग्रहाच्या प्रश्नाशेजारी आणखी एक प्रश्न असावा: खाली दिलेल्या पाच नव्या वस्तूंसाठी, आपल्या आजीला कळेल असा समास करा. उत्तरे वाचताना परीक्षक हसला तर हसू द्या. 'घरकोंबडा' पहिल्यांदा ऐकणाराही हसलाच असेल.