आठवणींची वही

बालमित्रांनो,

तुमच्या शाळेच्या भिंतीवर काही फोटो लावलेले आहेत ना? कुणी पागोटं घातलेले, कुणी गांधीटोपीतले, कुणी जाड भिंगांचा चष्मा लावलेले. पुण्यतिथी आली की फोटो पुसायचा, हार घालायचा, उदबत्ती लावायची, भाषण ऐकायचं. दोन दिवसांत हार सुकतो. मग "हे फोटोतले आजोबा कोण रे?" असं कुणी विचारलं, तर आपण एकमेकांकडे बघतो!

म्हणून आज याच विषयावर बोलू या. आपल्या शाळेतलं एखादं माणूस हे जग सोडून जातं. त्याची आठवण ठेवायची, म्हणजे नेमकं काय करायचं?

आम्हा अमळनेरकरांना याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. १९२४ साली इथं एक तरुण शिक्षक नोकरीला लागले. त्यांची शाळा आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते. शिक्षकांचं नाव पांडुरंग सदाशिव साने, गाव कोकणातलं पालगड. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. म्हणजे शाळेत होते अवघी सहा वर्षं! पण 'गुरुजी' हे नाव जन्मभर त्यांच्यासोबत राहिलं. ११ जून १९५० रोजी साने गुरुजी गेले. त्यानंतर किती वर्षं लोटली! तरी २०२४ साली अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा संमेलननगरीला नाव दिलं ते गुरुजींचंच.

आता गंमत पाहा. गुरुजी तत्त्वज्ञान शिकलेले एम. ए. होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लोक सांगतात त्या वेगळ्याच गोष्टी. छात्रालयातली मुलं शाळेत गेली, की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे. विस्कटलेली अंथरुणं घडी करून ठेवायचे. आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. आणि मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, तेही हातानं लिहून! पदवी विसरली गेली. घडी केलेलं अंथरूण मात्र आठवणीत राहिलं.

गुरुजींनी स्वतः आपल्या आईची आठवण कशी जपली, तेही बघा. त्यांची आई १९१७ साली वारली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं, तेही अवघ्या काही दिवसांत. माझी आई थोर होती, प्रेमळ होती, एवढंच लिहिलं असतं तर पुस्तक एका पानात संपलं असतं! त्यांनी काय लिहिलं? अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणारा श्याम. पोहायला घाबरून लपून बसलेला श्याम आणि त्याला बाहेर काढणारी आई. अशा बारीकसारीक गोष्टी. म्हणून तर ज्यांनी त्या माउलीला कधी पाहिलं नाही, त्यांच्याही डोळ्यांत पाणी येतं.

आता जरा नंदुरबारला जाऊ. अमळनेरहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की नरडाणा, दोंडाईचा ही स्टेशनं मागे टाकत नंदुरबार येतं. तिथं ९ सप्टेंबर १९४२ रोजी, 'चले जाव'च्या दिवसांत, मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा हातात तिरंगा घेऊन उभा होता. तो गेला. शिरीषकुमारचं नाव तुम्हाला पाठ असेल. पण त्या दिवशी तो एकटाच गेला नाही, बरं का! लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास हेही गेले. त्यांच्याही घरी त्या रात्री कुणीतरी वाट बघत असणारच. म्हणून नावं घ्यायची तर पाचही घ्यायची.

हुतात्म्यांचं ठीक आहे, पण आपल्या साध्या शाळेचं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगते.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. पावसाळ्यात त्या आजारी पडल्या आणि गेल्या. शाळेत शोकसभा झाली. दोन मिनिटं शांत उभे राहिलो. "मावशी फार प्रेमळ होत्या," असं दोघातिघांनी सांगितलं आणि सगळे गप्प झाले. तेवढ्यात तिसरीतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, मावशी माले खरवड देत व्हती!" पातेल्याच्या तळाची ती खमंग खरवड! मग काय, मुलं भडाभडा बोलायलाच लागली. कुणाची वेणी त्यांनी घालून दिली होती. कुणाच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद लावली होती. पाणी निथळावं म्हणून त्या ताटं पालथी मांडून ठेवायच्या, ते एकीला आठवलं. आम्ही हसलोही आणि रडलोही.

त्या दिवशी आम्ही दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर लिहिलं, 'आठवणींची वही'. पहिलं पान मावशींचं. खरवडही लिहिली, हळदही लिहिली. आता ताटं पालथी मांडायचं काम चौथीची मुलं करतात, कुणी न सांगता.

पालकांनाही थोडं सांगायचं आहे. शाळेतलं कुणी गेलं, विशेषतः वर्गातला एखादा सोबती गेला, तर मुलाला "तो गावाला गेला" असं सांगू नका. मूल वाट बघत राहतं. खरं काय ते सोप्या शब्दांत सांगा. "आता त्याचं नाव काढू नकोस," असंही म्हणू नका. मुलाला बोलावंसं वाटलं तर ऐका. गप्प बसावंसं वाटलं तर नुसतं जवळ बसा. रिकाम्या बाकाकडे बघून त्याला रडू आलं, तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

तर मित्रांनो, या आठवड्याचं काम ऐका. भिंतीवरच्या एका फोटोतलं माणूस निवडा, किंवा तुमच्या शाळेतले शिपाईदादा, बाई, सर, मित्र, जे कुणी आता नाहीत त्यांच्यातलं एक. त्यांना ओळखणाऱ्या मोठ्या माणसाकडे जा आणि एवढंच विचारा, "ते रोज काय करायचे?" थोर, महान, आदर्श हे शब्द वापरायचे नाहीत! जी छोटीशी गोष्ट कळेल, ती वहीत लिहा. वर नाव लिहा, पूर्ण आणि शुद्ध. आणि जमलं, तर त्यांचं एखादं काम आपल्या अंगावर घ्या.

करणार ना? मग भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई