कोणाचे भय, कोणाचा अहंकार?

पदवीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आम्हांला दर वर्षी भेटते. संतांनी प्रेमाच्या आध्यात्मिक सामर्थ्याने भय आणि अहंकार यांवर विजय मिळवला, असे ते वाक्य. अक्षर बदलते, शाई बदलते, वाक्य तेच राहते. विद्यार्थ्यांना त्याचा दोष देण्यात अर्थ नाही. ते त्यांच्या हाती आपणच ठेवले आहे : वर्गातल्या टिपणांतून, बाजारातल्या गाईडांतून आणि महाविद्यालयात सभागृह भरवून घेतल्या जाणाऱ्या त्या ‘संतविचार आणि तणावमुक्ती’ छापाच्या व्याख्यानांतून. वाक्य खोटे आहे असेही नाही. पण भय कोणाला वाटत होते आणि कोणाचे? अहंकार कशाचा होता? प्रेम कोणी कोणावर करायचे होते? हे प्रश्न न विचारता त्या वाक्याला पाचापैकी चार गुण देण्याची जी सोय आपण करून ठेवली आहे, तिच्याशी आमचे भांडण आहे.

या वाक्याचे दोन प्रकारचे ग्राहक आहेत. एक प्रवचनकार. त्यांच्या लेखी प्रेम म्हणजे मनःशांतीचे औषध : रात्री झोप लागावी, साहेबाचा राग येऊ नये, सुनेशी पटावे. दुसरे आपल्यापैकीच काही आधुनिक समीक्षक. प्रेम हा शब्द ऐकला की त्यांना लगेच भाबडेपणा आठवतो आणि ते ओठ मुडपून पुढच्या प्रकरणाकडे वळतात. वरवर पाहता हे परस्परांचे विरोधक. पण प्रेम ही एक मऊ, निरुपद्रवी, कोणाच्याही केसाला धक्का न लावणारी वस्तू आहे याबद्दल दोघांचे संपूर्ण एकमत आहे. एकाला ती म्हणूनच हवी आहे, दुसऱ्याला म्हणूनच नको आहे.

आता मूळ ग्रंथाकडे जाऊ. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी यादी आहे, तिच्यात पहिले नाव अभयाचे आहे. १२९० साली ज्ञानेश्वरांनी त्या एका शब्दावर जे भाष्य केले, ते वर्गात क्वचितच सावकाश वाचले जाते. बाराव्या अध्यायातून अठराव्यात उडी मारण्याची आपली रीत आहे. तिथे ज्ञानेश्वर आधी साध्या संसारातले दाखले देतात. महापुरात उडीच घेतली नाही तर बुडण्याची भीती कसली? पथ्य सांभाळणाऱ्याच्या घरी रोगाची पत्रास कोण ठेवतो? तसेच, कर्म घडो वा न घडो, त्यात अहंकाराला डोके वर काढू दिले नाही की संसाराचा धाक सुटतो. म्हणजे भय आणि अहंकार हे दोन स्वतंत्र शत्रू नव्हेतच. एकाचे मूळ दुसऱ्यात आहे. ज्याला ‘मी’ जपायचा आहे त्यालाच भय आहे. यानंतर ते दुसरा मार्ग सांगतात. दुसऱ्यालाही आत्माच मानावे, इतका ऐक्यभाव पसरावा, की भयाची वार्ताही हद्दपार व्हावी. आणि मग तो मिठाचा दृष्टांत येतो : पाणी मिठाला बुडवायला यावे, तर मीठच पाणी होऊन जाते. आता बुडणार कोण?

हा दृष्टांत गोड आहे म्हणून आपण तो सांगतो आणि त्याची किंमत सांगायला विसरतो. मिठाला खड्याचा आकार सोडावा लागतो. तो आकार जातीचा असेल, पुरुषपणाचा असेल, विद्वत्तेचा असेल. खडा शाबूत ठेवून भय तेवढे घालवण्याचा सौदा ज्ञानेश्वरांच्या दुकानात नाही. मनःशांतीवाले नेमका तोच सौदा विकतात.

परंतु इथे एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. विरघळायला सांगायचे कोणाला? ज्याचा खडा मोठा आहे त्याला हे सांगणे ठीकच. ज्याला मुळी आकारच धरू दिलेला नाही, त्याला ‘अहंकार सोड’ म्हणणे हा उपदेश आहे की क्रौर्य? बहिणाबाई सिऊरकरांच्या आत्मचरित्रपर अभंगांकडे आम्ही याच प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा वळतो.

बहिणाबाई १६२८च्या. ब्राह्मण घरातल्या, लहानपणीच तिशीच्या बिजवराशी लग्न लागलेल्या. कुटुंब भटकत कोल्हापुरास आले. तिथे हरिकथेचा छंद लागला, वासराची ती प्रसिद्ध हकिकत घडली, आणि लोक या मुलीकडे कौतुकाने पाहू लागले. नवऱ्याने तिला मारले, बांधून घातले. हे आम्ही सांगत नाही, तीच सांगते. पुढे तिने तुकारामांना मनाने गुरू केले. स्वप्नात त्यांचा उपदेश झाला. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला, शूद्राला गुरू करावे, हे वेदपाठी नवऱ्याच्या सहनशक्तीपलीकडचे होते. त्याची तक्रार तिने लपवून ठेवलेली नाही. लोक बायकोच्या पाया पडायला येणार आणि आपल्याला कोणी विचारणार नाही, मग या घरात राहायचे कशाला, असा त्याचा सूर आहे. गरोदर बायकोला सोडून जायला तो निघाला होता. अहंकार या शब्दाची व्याख्या शोधत विद्यार्थी पारिभाषिक कोश चाळतात. ती या अभंगांत नावगाव, जात आणि लिंगासकट उभी आहे.

मग तिच्यासाठी प्रेमाने काय केले? तिचा अहंकार घालवला, असे म्हणणे हास्यास्पद होईल. घालवायला तो होताच कुठे? विठोबावरच्या आणि तुकारामांवरच्या त्या प्रेमाने तिला ‘मी’ दिला. सतराव्या शतकातली मार खाणारी एक बाई स्वतःचे आयुष्य स्वतःच्या तोंडाने, पहिल्यापासून, क्रमाने सांगते. मराठीतले पहिले आत्मचरित्र म्हणून त्या अभंगांचा उल्लेख करून आपण पुढे जातो. तो ‘मी’ कुठून आला, हे विचारत नाही. आणि हाच ‘मी’ पुढे वज्रसूचीच्या आधाराने ब्राह्मण कोणाला म्हणावे, असा सवाल अभंगांतून टाकतो. ज्या घरात गुरूच्या जातीपायी मार खाल्ला, त्याच घरातल्या बाईने हा ग्रंथ निवडावा, यात योगायोग पाहणारे पाहोत.

एकच प्रेम, पण नवऱ्याकडून ते काढून घेते आणि बायकोला देते. आमच्या मते संतसाहित्यातील प्रेमाची खरी रीत हीच आहे. ते सर्वांना सारखे वाटले जात नाही. वरच्याच्या अंगावरून ते उतरवते, खालच्याच्या अंगावर ते चढवते. सगळ्यांनी समान प्रमाणात नम्र व्हावे, हा उपदेश त्यातून काढायचा तर आधी बहिणाबाईंचे अभंग फाडून टाकावे लागतील. (त्याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावरही लिहिले आणि नवरा सोडला नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. भय एका दिवसात जात नाही, आणि सगळे तर जातच नाही. पाठ्यपुस्तकाला मात्र ते पतिव्रताधर्माचे अभंग तेवढे आवडतात.)

आता अश्रूंवर हसणाऱ्या आमच्या समीक्षक मित्रांकडे येऊ. साने गुरुजी म्हणजे रडवे साहित्य, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे, की ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, या गोष्टीचाही कोणाच्या मतावर काही परिणाम होत नाही. असो, त्या पुस्तकाचा निकाल बाजूला ठेवू. पंढरपूरचे काय करायचे?

१९४६च्या कार्तिकी एकादशीला गुरुजी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसणार होते. सहकाऱ्यांनी आधी लोकमत तयार करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी ते पुढे ढकलले आणि काही महिने महाराष्ट्र पालथा घातला. सोबत सेनापती बापट होते, सेवादलाची मुले होती. या दौऱ्यात गावोगावी विहिरी आणि देवळे खुली झाली. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले आणि दहा दिवसांनी, मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर, ते सुटले. यातली सर्वांत अवघड गोष्ट भुकेची नव्हती. अपुऱ्या माहितीवरून खुद्द गांधीजींनी उपोषणाला विरोध कळवला होता. ज्या माणसाला गुरुजी आयुष्यभर दैवत मानत आले, त्यानेच थांब म्हटले, आणि हा लाजाळू, डोळ्यांत चटकन पाणी येणारा मास्तर थांबला नाही. शत्रूच्या भयावर मात करणारे पुष्कळ असतात. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्या नापसंतीचे भय फार वेगळे, ते आपल्या आतच राहते. तिथे गुरुजी ज्या सामर्थ्याने उभे राहिले, त्याला भाबडेपणा म्हणायचे असेल तर कणखरपणाला दुसरा शब्द शोधावा लागेल.

आणि हे उपोषण कोणासाठी होते? अस्पृश्यांवर उपकार म्हणून तर खासच नव्हे. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षे चालला, दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९४७पर्यंत मंदिरप्रवेश हा त्यांच्या चळवळीचा कार्यक्रमच उरला नव्हता. गुरुजी उपाशी राहिले ते आपल्याच, सवर्ण हिंदूंच्या दाराशी. खडा त्यांचा मोठा होता. तो किती चिवट होता, हे पंढरपुरात सांगितल्या जाणाऱ्या एका हकिकतीवरून कळते : मंदिर खुले होण्याआधी सनातन्यांनी विठ्ठलाच्या मूर्तीतले तेज मंत्रविधीने एका घागरीत काढून घेतले. देव गेला तरी चालेल, देवावरचा ताबा जाता कामा नये! अहंकाराचे याहून नेमके चित्र आम्हांला मराठीत दुसरीकडे आढळलेले नाही, आणि ते काढणाऱ्याला आपण काढतो आहोत हे कळलेही नसावे.

प्रेमाने मनःशांती मिळते म्हणणाऱ्यांना गुरुजींचे पुढचे आयुष्य पचणे कठीण आहे. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतः आपली जीवनयात्रा संपवली. या मृत्यूचे कारण एका ओळीत सांगण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू, की निर्भय होणे आणि स्वस्थ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गाईडात त्या एकाच मथळ्याखाली येतात.

सगळ्यांत मोठा आक्षेप अजून शिल्लक आहे. तो प्रवचनकारांचा नाही, समीक्षकांचाही नाही. ‘जातिसंहारा’वर गांधीजींनी टीका केली, तेव्हा तिला उत्तर देताना आंबेडकरांनी संतांविषयी स्पष्ट बजावले. माणसामाणसांमधल्या संबंधांशी संतांना कर्तव्य नव्हते, त्यांचा विषय माणूस आणि देव हा होता. देवाघरी सगळे सारखे, एवढे सांगायला कोणाला काही सोडावे लागत नाही. शिवाय संताने जात मोडली तरी सामान्याने मोडू नये, अशी पळवाट समाजाने संतांच्याच उदाहरणातून काढली. हा आक्षेप आपल्या संतसाहित्याच्या तासाला आम्ही फारसा ऐकलेला नाही. तो समाजशास्त्राच्या विभागाकडे पाठवून दिला जातो. पण पंढरपूरच्या महाद्वारी, नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. आत नाही, बाहेर. शतकानुशतके वारकऱ्यांनी त्यांचे अभंग आळवले आणि त्यांच्या समाधीवरून आत जाऊन दर्शन घेतले. चोखोबांच्या जातभाईंना मात्र तिथूनच परतावे लागे. प्रेम होतेच, आम्ही ते खोटे ठरवत नाही. पण त्याने वरच्यांच्या अंगावरून काय उतरवले?

आमचे उत्तर असे, की ज्या ठिकाणी ते उतरवले गेले नाही, त्या ठिकाणी प्रेम शब्द वापरण्याचा हक्क आपण स्वतःला देऊ नये. आणि उतरवण्याचे सगळे काम प्रेमाने होते, असेही म्हणू नये. उपोषणाने दार उघडले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांना मात्र १९७३चा कायदा आणि मग २०१४ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. प्रेम आणि कायदा यांत निवड करायला सांगणाऱ्यांनी ही सदुसष्ट वर्षे मोजावीत. आंबेडकरांनीही निवड इतकी सोपी केली नव्हती. संतांवर इतका कठोर शेरा मारणाऱ्या त्यांनीच १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा होते. ही अर्पणपत्रिका आणि तो शेरा एकाच माणसाचे कसे, याचा उलगडा विद्यार्थ्याला करता आला, तर पाचापैकी पाच गुण द्यायला आमची हरकत नाही.

तोवर निदान प्रश्नपत्रिकेत एवढा बदल करता येईल. ‘संतांची प्रेमभक्ती : टीप लिहा’ याऐवजी सोळाव्या अध्यायातल्या अभयाच्या ओव्या, बहिणाबाईंचे नवऱ्याविषयीचे अभंग आणि आंबेडकरांचे ते उत्तर शेजारी शेजारी छापावे, आणि खाली विचारावे : यांत कोणाचे भय आहे, आणि कोणाचा अहंकार? अभ्यासमंडळात हे मांडले की, भावना दुखावतील, असे कोणीतरी हमखास म्हणते. कोणाच्या, हे आम्ही तिथेही विचारले आहे. इतिवृत्तात ते उतरलेले नाही.