हजेरीपटाबाहेरचा विद्यार्थी

दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यात कापूस वेचणीला येतो आणि महाविद्यालयांतील बाके रिकामी होऊ लागतात. जिंतूर, पाथरी, मानवत या भागांतील अल्पभूधारकाच्या घरात त्या दिवसांत प्रत्येक हाताची गरज असते. गंगाखेड-सोनपेठकडील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. शहरात खोली घेऊन राहणारा मुलगा सकाळी तासिकांना बसतो आणि दुपारी एखाद्या दुकानात हिशेब लिहितो. कागदोपत्री हे सारे पूर्णवेळ विद्यार्थी असले, तरी वस्तुतः ते अर्धवेळच शिकत असतात.

आपल्या व्यवस्थेला मात्र अर्धवेळ विद्यार्थी ठाऊकच नाही. विद्यार्थी एक तर नियमित, नाही तर दूरशिक्षणाचा. या दोन कप्प्यांवरच आर्थिक साहाय्याचे भवितव्य ठरते. केंद्र शासनाची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये देते. पण ती नियमित अभ्यासक्रमालाच. दूरशिक्षण घेणारा तिला अपात्र ठरतो आणि नूतनीकरणासाठी ५० टक्के गुणांबरोबर ७५ टक्के उपस्थितीही लागते. म्हणजे पैसे नाहीत म्हणून काम करावे, कामामुळे हजेरी बुडवावी आणि हजेरी बुडाली म्हणून पैसेही गमवावेत! ज्याला साहाय्याची निकड अधिक, त्यालाच ही अट आधी गाठते.

उपस्थितीची अट निरर्थक आहे, असे नव्हे. केवळ शिष्यवृत्ती लाटण्यासाठी दाखविलेल्या प्रवेशांचा अनुभव महाराष्ट्राला आहे. शिष्यवृत्तीवाटपातील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी २०१६ साली राज्यात विशेष पथक काम करीत होते. सार्वजनिक पैशाची राखण झालीच पाहिजे. परंतु खोट्या नावाला अडविणारे कुंपण खऱ्या विद्यार्थ्याचीही वाट अडवीत असेल, तर त्याला दार ठेवणे हे शासनाचेच काम ठरते.

असे दार ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. १८५५ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत तर पत्रद्वारा शिकणाऱ्यालाही शुल्काची प्रतिपूर्ती आणि पुस्तकांसाठी वार्षिक १,२०० रुपये यांची तरतूद होती. निर्वाह भत्ता नसला, तरी वर्गात न बसणाराही विद्यार्थीच असतो, हे तत्त्व शासनाने तेथे मान्य केले होते.

आज ते व्यापक करणे अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे स्पष्ट केले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांक साठविण्याची कल्पना मांडली आहे. मग साहाय्यही श्रेयांकांच्या प्रमाणात का नसावे? निम्मे श्रेयांक घेणाऱ्यास निम्मी रक्कम आणि पदवीसाठी अधिक वर्षांची मुदत द्यावी. हंगामात बुडालेल्या तासिका उन्हाळी किंवा सकाळच्या वर्गांत भरून काढण्याची सोय करावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या क्षेत्रातील पीकहंगाम ध्यानी घेऊन असे वर्ग योजले, तर त्याचा लाभ परभणीपुरता राहणार नाही.

पदवी समान मानायची आणि ती मिळविण्यासाठी कष्टणाऱ्याला मात्र असमान लेखायचे, ही विसंगती फार काळ टिकू नये. रानात राबणारा विद्यार्थी वर्गात अनुपस्थित असतो. शिक्षणाच्या इच्छेत तो अनुपस्थित नसतो.